कंट्रोल ग्रुपची राखण

जिची उभी हयात शिकवण्यात गेली, तिच्यावर अर्ध्या वर्गाला काहीही कळू न देण्याची कामगिरी यावी, याला दैव म्हणावं की संशोधन, हे ट्यूटरबाईंना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

ट्यूटरबाई नर्सिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला शिकवत. विषय कोणताही असो, तास सुरू व्हायचा तो हात कसे धुवावेत इथून. मुली पाठीमागे त्यांना ‘हात धुवा मॅडम’ म्हणत, हे त्यांना ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं. एका जुन्या विद्यार्थिनीच्या लग्नात त्या भेट घेऊन समोर गेल्या, तेव्हा नवरीने आधी घाईघाईने आपले तळवे उलटसुलट करून पाहिले, असं सांगतात.

तर अशा या बाई कित्येक वर्षं प्रभारी उपप्राचार्य होत्या. प्रभारी असणं म्हणजे काय, हे ज्याने भोगलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. बोलणी खायची वेळ आली की तुम्ही उपप्राचार्य असता, आणि मान घ्यायची वेळ आली की लोकांना नेमका ‘प्रभारी’ हा शब्द आठवतो. कायम व्हायचं तर डॉक्टरेट हवी. एक दिवस प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, “मॅडम, वर्षअखेरीपर्यंत प्रबंध झाला तर जागा तुमची. नाहीतर माझा इलाज नाही.” इलाज नाही म्हणताना त्यांची नजर गेली शेजारच्या खोलीकडे. तिथे नुकत्याच रुजू झालेल्या, नावाआधी ‘डॉक्टर’ लावणाऱ्या एक बाई बसत. त्यांनी उभ्या जन्मात एखाद्या रुग्णाची चादर बदलली असेल की नाही, याविषयी ट्यूटरबाईंना दाट शंका होती.

ट्यूटरबाई तडक आपल्या मार्गदर्शक मॅडमकडे गेल्या. विषय अर्थातच मनात पक्का होता. पण मॅडमनी तो तोंडातून बाहेरही पडू दिला नाही.

“हात धुणं सोडा,” त्या म्हणाल्या. “त्यावर इतके प्रबंध झालेत की आता फक्त कोपर उरलंय. तुम्ही पीसीओएस घ्या. अंडाशयाचा आजार, मुलींच्याच वयात सुरू होणारा. पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात, मुरमं येतात, वजन वाढतं, आणि मुली कुणाला सांगत नाहीत. आणि शिकवा ऑनलाइन. हल्ली ऑनलाइनला मान आहे.”

“घेते. कसं करायचं?”

“वर्गाचे दोन गट करा. एका गटाला महिनाभर ऑनलाइन धडे. दुसरा कंट्रोल ग्रुप.”

“त्यांना काय शिकवायचं?”

“काही नाही.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही. महिन्याने दोघांची परीक्षा घ्यायची. शिकवलेल्यांना गुण जास्त, न शिकवलेल्यांना कमी, की झाला प्रबंध. मग कंट्रोलवाल्यांनाही तेच धडे द्यायचे, म्हणजे पाप लागत नाही.”

ट्यूटरबाईंनी मान डोलावली. इतकी सोपी गोष्ट आपल्याला इतकी वर्षं कशी सुचली नाही, याचंच त्यांना वाईट वाटत होतं.

घरी बातमी सांगितल्यावर पहिला आक्षेप सासूबाईंचा आला. “अर्ध्यांना शिकवणार नाहीस? मग पगार अर्धा घेणार का?” यावर ट्यूटरबाईंनी विज्ञानाचं महत्त्व सांगायला सुरुवात केली, पण नवऱ्याने हात वर करून थांबवलं. नवरा बिस्किटांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासनीस होता. पोत्यातली मूठ बघून पोत्याचा निकाल देणं हे त्याचं रोजचं काम, त्यामुळे संख्याशास्त्र आपल्या घरात वडिलोपार्जित आहे अशा थाटात तो बोले.

“आई, ते बरोबर आहे. आमच्याकडेही प्रत्येक खेपेतलं एक खोकं कपाटात कुलूपबंद ठेवतात. तोच कंट्रोल. त्याला कुणी हात लावायचा नाही.” मग जरा विचार करून तो बायकोला म्हणाला, “फक्त एक आहे. आमची बिस्किटं एकमेकांशी बोलत नाहीत.”

हे वाक्य ट्यूटरबाईंनी तेव्हा हसण्यावारी नेलं. नवऱ्याची शहाणपणाची वाक्यं हसण्यावारी न्यायची सवय असली की असं कधीतरी महागात पडतं.

पहिली धोंड आली नैतिकता समितीची. माणसांवर कसलाही अभ्यास करायचा तर या समितीची परवानगी लागते. अर्ज पहिल्यांदा परत आला तो समास अरुंद आहे म्हणून. समास रुंद करून पाठवला, तर समितीतल्या दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, “हा आजार बायकांचा. मग वर्गातली मुलं का घेतलीत?” ट्यूटरबाईंनी उत्तर दिलं, की ती मुलंही उद्या नर्स होणार आहेत, आणि रुग्ण बाई आहे म्हणून त्यांना खोलीबाहेर उभं राहता येणार नाही. समितीला हे पटलं. इतकं पटलं, की पुढच्या बैठकीत त्याच डॉक्टरांनी विचारलं, “मग मुलं इतकी कमी का घेतलीत?” वर्गात तेवढीच आहेत, हे पटवायला प्राचार्यांच्या सहीचा दाखला जोडावा लागला. एरवी शांत असणाऱ्या ट्यूटरबाई त्या दिवशी घरी येऊन चहाच्या कपाशी काहीतरी बोलत होत्या.

मग धड्यांचं चित्रीकरण. ते घरातल्या झोपायच्या खोलीत करायचं ठरलं. पडदा म्हणून चादर टांगली, इस्त्रीच्या टेबलावर पुस्तकांची चळत आणि चळतीवर फोन. कॅमेऱ्यामागे नवरा. समोरच्या दारातले निवृत्त साहेब कुणी न बोलावता टेबललॅम्प घेऊन आले. त्यांची नोकरी टेलिफोन खात्यात गेली होती, त्यामुळे तारेतून जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर आपला हक्क आहे असं ते समजत, आणि बिनतारी गोष्टींवर तर त्याहून जास्त.

“वहिनी, आवाज पोटातून काढा. पलीकडच्या माणसाला ऐकू येत नाहीये असं धरून बोला.”

“साहेब, त्यात माइक आहे.”

“माइकवर कधी विश्वास ठेवू नये,” साहेब म्हणाले, आणि दिव्याचं तोंड त्यांनी थेट बाईंच्या चेहऱ्यावर वळवलं. धडा पाळीच्या चक्रापर्यंत पोचेतो बाई घामाने थबथबल्या होत्या. कडक इस्त्रीचा गणवेश, डोळ्यांवर प्रकाश आणि पोटातून आवाज. पहिला प्रयत्न बघून नवऱ्याची भाची म्हणाली, की मामीला कुणीतरी ओलीस ठेवलंय असं वाटतं.

शिवाय ट्यूटरबाईंना रिकाम्या हवेशी बोलताच येईना. समोर माणूस हवा. म्हणून सासूबाईंना पलंगावर बसवलं. सासूबाई स्वस्थ बसणाऱ्यातल्या नव्हेत, त्यांनी मांडीवर मटारचं ताट घेतलं. नवरा प्रत्येक चुकीला “नाकारलं!” असं कारखान्यातल्या आवाजात ओरडे आणि धडा पहिल्यापासून सुरू होई. तो अखेर ‘मंजूर’ झाला तेव्हा लक्षात आलं, की कपाटाच्या आरशात सासूबाई अथपासून इतिपर्यंत मटार सोलताना दिसताहेत, आणि हनुवटीवरच्या केसांचा उल्लेख येताच त्यांनी स्वतःची हनुवटी चाचपली आहे. पण तोवर दिव्यामुळे फ्यूज उडाला होता. साहेब जिन्यात उभं राहून सगळ्या इमारतीला वायरिंगमधले दोष समजावून सांगत होते. धडा तसाच ठेवला.

दुसऱ्या धड्यासाठी मॉडेल हवं होतं. अंडाशयात बीजं निम्मी वाढतात आणि तिथेच थांबतात, हे डोळ्यांना दिसायला हवं. ट्यूटरबाईंनी कणकेचा गोळा मळला आणि त्यात भिजवलेले वाटाणे कडेकडेने खोचले. दिसायला अगदी सोनोग्राफीतल्यासारखं झालं. रविवारी चित्रीकरण होतं, तोवर कणीक तडकू नये म्हणून त्यांनी तो गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून झाकून ठेवला. जन्मभर कडधान्यांना मोड आणलेली बाई, पण संशोधनात माणूस शिरला की स्वयंपाकघरातलं ज्ञान दाराबाहेर राहतं. रविवारी कॅमेरा सुरू झाला, पोटातून आवाज निघाला, “इथे तुम्हाला दिसेल, की ही बीजं अजिबात वाढत नाहीत,” आणि फडकं उचललं. एकूण एक वाटाण्याला मोड आले होते. एक मोड तर चांगला लांब होऊन थेट कॅमेऱ्याकडे वळला होता.

“नाकारलं,” नवरा हळूच म्हणाला.

असो. धडे तयार झाले. वर्गात चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले, आणि ट्यूटरबाईंनी कंट्रोल ग्रुपला उभं करून, आजवर कुठल्याच शिक्षिकेने केलं नसेल असं भाषण केलं. “तुम्ही पीसीओएसबद्दल महिनाभर काही वाचायचं नाही. कुणाला विचारायचं नाही. कुणी सांगू लागलं तर कान झाकायचे. हा शब्द कुठे दिसला तर दुसरीकडे बघायचं.”

हात धुण्याच्या तासाला डुलक्या घेणाऱ्या मुलीसुद्धा ताठ बसल्या होत्या. त्या ताठ बसण्याचा अर्थ ट्यूटरबाईंना कळायला हवा होता. बरणीवर ‘हात लावू नये’ लिहिलं की घरातली मुलं कशी बघतात, तशा त्या सगळ्या बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या ग्रंथालयात गेल्या. स्त्रीरोगाचं पुस्तक महिनाभर बंद ठेवा, म्हणाल्या. ग्रंथपाल नियमाचा माणूस. पुस्तक बंद ठेवायला ग्रंथालय समितीचा ठराव लागतो, म्हणाला. मग तेवढं एक प्रकरण? प्रकरण बंद ठेवण्याबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही, म्हणजे ते चालेल. त्याने ती पानं गोळा केली, दोऱ्याने बांधली आणि गाठीवर लाखेचं सील मारलं. ज्या पुस्तकाला वर्षानुवर्षं कुणी हात लावला नव्हता, ते बघायला दुपारपर्यंत रांग लागली. फार्मसीची मुलं आली. कँटीनचा आचारी येऊन गेला. “एवढं काय आहे हो त्यात?” असं शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरबाईंनीही विचारलं, आणि त्यांनी विचारावं याचा ट्यूटरबाईंना सूक्ष्म आनंद झाला.

वसतिगृहात तर कहर होता. एकाच खोलीत एक मुलगी ऑनलाइन गटातली, दुसरी कंट्रोलमधली. खोल्या बदला म्हणून ट्यूटरबाई रेक्टरबाईंकडे गेल्या. रेक्टरबाई म्हणाल्या, मुली बदलता येतील, पण खाटा बदलता येणार नाहीत. प्रत्येक खाटेची नोंद त्या त्या खोलीवर आहे. आणि ज्या खोलीत कंट्रोलच्या मुली जास्त होत्या, तिथे खाटा कमी होत्या. शेवटी मुली होत्या तिथेच राहिल्या, आणि ऑनलाइनवाल्यांनी धडे कानात इयरफोन घालून, अंगावर पांघरूण घेऊन बघावेत असा फतवा निघाला. पांघरुणाखाली जे बघावं लागतं त्याचं कुतूहल कुणाला नसतं? चारच दिवसांत पासवर्ड फुटला. एका धड्याच्या बदल्यात आठवडाभर गणवेशाला इस्त्री, असा भाव होता. ऑनलाइन गटाच्या मुलींनी धडे दुप्पट वेगाने पळवून संपवले, कारण त्यांना ते बघणं भागच होतं. कंट्रोलच्या मुली तेच धडे थांबवून थांबवून, आरशातल्या सासूबाईंसकट पाठ करत होत्या. मॅडमच्या सासूबाई मटार डाव्या हाताने सोलतात, ही माहितीसुद्धा त्यांच्याकडे होती.

हे ट्यूटरबाईंना कळलं ते व्हरांड्यात. ऑनलाइन गटातली एक मुलगी दुसरीला काहीतरी चुकीचं सांगत होती आणि मागून जाणाऱ्या कंट्रोलच्या मुलीने न थांबता तिला दुरुस्त केलं. मग मागे मॅडम आहेत हे दिसताच तिने दोन्ही कान घट्ट झाकून घेतले.

पासवर्ड बदलले. मुलींना दटावलं. प्रत्येक ऑनलाइन मुलीकडून तोंड न उघडण्याची शपथ घेतली. समोरच्या साहेबांनी सल्ला दिला, की माणसाचं मन रिकामं ठेवलं तर ते भरकटतं, कंट्रोलवाल्यांना दुसरं काहीतरी शिकवा. हा सल्ला मात्र ट्यूटरबाईंना मनापासून पटला. पुढचे दोन आठवडे कंट्रोल ग्रुपला रोज हात धुणं शिकवलं गेलं. बोटांच्या बेचक्यांसाठी एक स्वतंत्र तास होता.

या सगळ्या धावपळीत बाईंचं नीट जेवण होत नव्हतं, पण एक गोष्ट साधली होती. नव्या पासवर्डनंतर कंट्रोल ग्रुप खरोखरच गप्प झाला. कळलं होतं तेवढंच, अर्धवट, तिथेच थांबलं. बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. आठवडाभराची राखण उरली होती.

आणि एका दुपारी, डबा उघडून त्या बसल्या होत्या तेव्हा दारात शिडी येऊन उभी राहिली. शिडी म्हणजे वर्गातली सगळ्यात उंच मुलगी. भिंतीवर तक्ते लावायला तीच लागायची, म्हणून हे नाव. पासवर्डच्या धंद्यात ती नव्हती, नियम पाळणाऱ्यातली होती. एरवी ताडताड चालणारी पोर आज चौकटीला धरून उभी होती.

“मॅडम, मी कंट्रोलमधली आहे,” ती म्हणाली.

“माहीत आहे मला. मग?”

“म्हणजे मला विचारता येणार नाही ना?”

“काय विचारायचंय त्यावर आहे. हात धुण्याबद्दल असेल तर विचार.”

शिडी हसली नाही. खाली बघत म्हणाली, “गाठी झाल्या की माणूस किती दिवस जगतं, मॅडम?”

ट्यूटरबाईंचा घास हातातच राहिला.

मग तुटक तुटक कळलं. न्हाणीघराच्या पलीकडे मुली बोलत होत्या, तेव्हा तिच्या कानावर एवढंच पडलं होतं, की पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात, कारण अंडाशयात गाठी होतात. तिची पाळी कित्येक महिने आलेली नव्हती. हनुवटीवरचे केस ती रोज सकाळी सगळ्यांच्या आधी उठून चिमट्याने काढत होती. मैत्रिणीला विचारलं, तर तिने शपथ घेतलेली. पुस्तक उघडलं, तर नेमकी तीच पानं सील केलेली. सील केलंय म्हणजे काहीतरी भयंकरच असणार, असं तिने ठरवून टाकलं. वॉर्डात गाठींचे रुग्ण तिने पाहिले होते. घरी सांगितलं तर आई हाय खाईल, म्हणून घरीही सांगितलं नाही. जेवण जात नव्हतं.

ट्यूटरबाईंना आधी भयंकर राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना. सील स्वतःच मारून घेतलं होतं. शपथाही स्वतःच घेतल्या होत्या. आजवर घाबरलेल्या माणसाला समजावून सांगण्याचंच त्या खात होत्या, आणि इथे त्यांच्याच वर्गातली पोर त्यांच्याच बंदोबस्तामुळे मरणाच्या भीतीने वाळत चालली होती. पण त्याच वेळी डोक्यात मार्गदर्शक मॅडमचा आवाज होता, काहीच नाही म्हणजे काहीच नाही. आठवडाच राहिला होता. प्रबंध, जागा, सगळं त्या आठवड्यावर टांगलेलं.

“तू असं कर,” त्या म्हणाल्या, “ओपीडीत जा. तिथल्या डॉक्टर तपासतील आणि सांगतील सगळं.”

“जाईन, मॅडम,” शिडी म्हणाली आणि वळली.

ते ‘जाईन’ ट्यूटरबाईंनी वॉर्डात हजारदा ऐकलं होतं. जे लोक जाणार नसतात तेच असं शहाण्यासारखं म्हणतात.

“थांब,” त्या म्हणाल्या. “दार लाव. हात धू आणि बस इथे. आधी खा काहीतरी, मग सांगते.” डब्यातलं अर्धं त्यांनी झाकणात वाढून तिच्यापुढे सरकवलं.

“पण मॅडम, प्रबंध?”

“प्रबंध थांबेल बाहेर. त्याला काही भूक लागलेली नाही.” आणि त्या बोलायला लागल्या. दिवा नाही, चादर नाही, आवाज पोटातून नाही. “पहिली गोष्ट, त्या गाठी नव्हेतच. नाव ठेवणाऱ्याने घोळ घातलाय. दर महिन्याला एक बीज पूर्ण वाढून बाहेर पडायला हवं. ते तसं न होता बरीच बीजं अर्धवट वाढून थांबतात, आणि सोनोग्राफीत ठिपक्यांसारखी दिसतात, एवढंच. याने कुणी असं मरत नाही. दुसरी गोष्ट, तुला हे आहेच असं नाही. थायरॉईडनेही पाळी लांबते, ताणानेही लांबते. ते तपासूनच ठरतं. तिसरी गोष्ट, असलं तरी उपचार आहेत. पण काही नाही म्हणून सोडूनही द्यायचं नाही. पुढे साखर वाढते, इतर त्रास होतात. आणि त्या केसांची लाज वाटून घेऊ नकोस. ते केस आहेत, गुन्हा नाही.”

“मला मुलं होणार नाहीत का?”

“होतात. काहींना औषधं घ्यावी लागतात. तुला एवढ्यात हवीत का?”

“नको!” शिडी इतक्या जोरात म्हणाली की दोघींनाही हसू फुटलं, आणि हसता हसता पोर रडायला लागली. ट्यूटरबाई तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या. आपलेही डोळे भरलेत हे त्यांना उशिरा कळलं.

तेवढ्यात दाराबाहेर काहीतरी धडपडलं. उघडून बघतात तो सगळा कंट्रोल ग्रुप एकमेकांच्या अंगावर रेलून दाराला कान लावून उभा. दोन मुलगेही होते, त्यांतला एक वही घेऊन आला होता. बाईंना बघताच सगळ्यांचे हात सवयीने कानांवर गेले.

ट्यूटरबाईंनी एकदा त्या कान झाकलेल्या रांगेकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “काढा ते हात. वर्गात चला सगळे.”

तो तास म्हणजे काय झाला, हे त्या अजून सांगतात. फळा, खडू आणि प्रश्नांवर प्रश्न. माझ्या बहिणीला असं असेल का, सडपातळ मुलींनाही होतं का, वजन कमी केलं तर खरंच पाळी नियमित होते का, गोळ्या थांबवल्या की काय होतं. एका मुलग्याने विचारलं, की रुग्ण लाजत असेल तर आपण बोलायला सुरुवात कुठून करायची, आणि त्यावर वर्ग बराच वेळ भांडला. घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. मग दारात ऑनलाइन गट येऊन उभा राहिला. त्यांचे चेहरे फुगले होते.

“मॅडम, हे बरोबर नाही. आम्ही नियमाप्रमाणे शिकणाऱ्या. आणि शिकवताय मात्र यांना!”

संध्याकाळी घरी येऊन ट्यूटरबाई सोफ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, “आज मी कपाटातलं खोकं फोडलं.”

नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. “कारखान्यात याबद्दल नोकरी जाते,” तो गंभीरपणे म्हणाला. मग तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवत, “पण आमचं बिस्किट असं कधी दारात येऊन उभं राहिलं नाही. राहिलं असतं तर मीही फोडलं असतं.”

“एवढं सोपं होतं तर आधीच सगळ्यांना का नाही शिकवलंस?” सासूबाईंनी विचारलं, आणि घरातल्या दोन्ही संशोधकांपुढे मटारचं ताट सरकवलं.

परीक्षा ठरल्या दिवशी झाली. गुण जसे पडले तसे ट्यूटरबाईंनी प्रबंध तपासणाऱ्या समितीपुढे ठेवले. कंट्रोल ग्रुप ऑनलाइन गटाच्या पुष्कळ पुढे गेला होता. समितीतले संख्याशास्त्राचे प्राध्यापक आकडे उलटे धरले गेलेत की काय म्हणून कागद फिरवून बघत होते.

“बाई, तुम्ही कंट्रोल ग्रुपला नेमकं काय केलंत?”

“आधी मनाई केली. मग भीती घातली. शेवटी राहवेना म्हणून शिकवलं.”

“आणि ऑनलाइन गटाला?”

“त्यांना नुसतंच शिकवलं.”

प्राध्यापक खळखळून हसले, पण अभ्यास बाद झाला. पुढच्या वर्षी नवी तुकडी घेऊन पुन्हा करा, म्हणाले. उपप्राचार्यांची जागा शेजारच्या खोलीत गेली. ट्यूटरबाईंना ते लागलं. नाही लागलं असं त्यांनी कुणाला सांगितलं नाही आणि आपणही म्हणायला नको. चाव्या सुपूर्द करून त्या घरी आल्या, नळ सोडून न्हाणीघरात बराच वेळ उभ्या राहिल्या, आणि सासूबाईंनी बाहेरून “पाणी जातंय गं,” म्हटल्यावर बाहेर आल्या. शिडीच्या तपासण्या झाल्या होत्या. पीसीओएसच निघालं, औषधं सुरू झाली, आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितल्यापासून ती पहाटे सगळ्या वसतिगृहाला उठवून सोबत नेत होती. रेक्टरबाई तक्रार घेऊन आल्या, ती ट्यूटरबाईंनी फार समाधानाने ऐकून घेतली.

बाद झालेल्या अभ्यासाचाही अहवाल द्यावा लागतो. अशा अहवालात शेवटी एक भाग असतो, ‘अभ्यासाच्या मर्यादा’. काय कमी पडलं ते तिथे लिहायचं. ट्यूटरबाईंनी तो लिहून मार्गदर्शक मॅडमकडे पाठवला आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला.

“हे काय लिहिलंय तुम्ही? ‘संशोधिकेला समोर घाबरलेली मुलगी बघून गप्प बसता आले नाही.’ असं लिहितात का कुणी? ‘नमुना लहान होता’ असं लिहा. सगळे तेच लिहितात.”

“नमुना काही लहान नव्हता, मॅडम. सबंध वर्ग होता.”

“अहो, पण ही अभ्यासाची मर्यादा झाली का? ही तुमची मर्यादा आहे!”

“हो ना,” ट्यूटरबाई म्हणाल्या. “आणि ती पुढच्या वर्षीही राहणार आहे. तेव्हा कंट्रोल ग्रुप दुसऱ्या गावचा बघा.”